गीझर, टाकी आणि रात्रीची वीज

‘गीझर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? न्हाणीघरात उंचावर टांगलेली पांढरी टाकी, तिच्यावरचा लाल दिवा, आणि आतल्या खोलीतून आलेली हाक, ‘गीझर बंद केलास का रे?’ गंमत अशी की हा शब्द ज्या लंडनमधून आला, तिथल्या मूळ गीझरला टाकीच नव्हती.

१८६८ साली बेंजामिन वॅडी मॉन या लंडनकराने पाणी तापवण्याच्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. माणूस व्यवसायाने रंगकाम करणारा. त्याच्या यंत्रात खाली गॅस पेटायचा, वरून पाण्याची बारीक धार सोडलेली असायची, आणि तापलेल्या वायूंमधून उतरता उतरता ते पाणी कढत होऊन थेट टबात पडायचं. साठवणं वगैरे काही नाही. आइसलँडमध्ये जमिनीतून गरम पाण्याचे फवारे उडतात, त्यातल्या प्रसिद्ध फवाऱ्याचं नाव ‘गेयसिर’, म्हणजे उसळणारा. तेच नाव मॉनने उचललं. इंग्रजांनी त्याचा उच्चार ‘गीझर’ केला (अमेरिकेत ‘गायझर’ म्हणतात), आणि तो उच्चार आपल्याकडे पोचला. पुढे भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत हे नाव टाकीला चिकटलं. त्यामुळे दुकानदार जेव्हा आपल्याला ‘इन्स्टंट गीझर’ विकतो, तेव्हा शब्दाच्या इतिहासाकडे पाहिलं तर तो ‘पिवळा पीतांबर’ विकत असतो.

मॉनच्या यंत्रात एक जीवघेणा दोष होता. जळलेला वायू बाहेर नेणारं धुराडं त्याला नव्हतं. बंद न्हाणीघरात गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला ना रंग ना वास. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकातही अशा गीझरांनी बळी घेतले. महाराष्ट्रात गॅस गीझर लावलेल्या, झरोका नसलेल्या न्हाणीघरांतल्या मृत्यूंच्या बातम्या आपण अजून वाचतो. दीडशे वर्षं जुनी चूक नव्या डब्यात विकली जाते, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या गावाकडच्या घरी तसा गीझर असेल, तर पुढचा लेख वाचण्याआधी घरी फोन करून न्हाणीघराला झरोका आहे का ते विचारा.

आता विजेकडे येऊ. लेस्टरमधल्या आमच्या एका श्रोत्या ताईंनी प्रश्न पाठवला होता. त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅस नाही. कपाटात तांब्याची जुनी गरम पाण्याची टाकी आहे, ती आता गळायला लागली आहे. प्लंबर म्हणतो, ‘काढून टाका. शॉवरसाठी इलेक्ट्रिक शॉवर बसवतो, सिंकखाली छोटा हीटर देतो, कपाट मोकळं होईल.’ ताई विचारतात, ऐकू का त्याचं? कार्यक्रमात यावर दोन मिनिटं बोलून झालं, पण प्रश्न दोन मिनिटांचा नव्हता. टाकी ठेवायची की नाही याचा निर्णय ब्रिटनमध्ये कधीच फक्त आंघोळ करणाऱ्यांनी घेतलेला नाही. त्यात वीज कंपन्या होत्या, कोळसा होता, अणुभट्ट्या होत्या, आणि एक रेडिओ स्टेशनसुद्धा होतं.

टाकी कशी चालते हे ज्यांनी घरी तांब्याचा बंब पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी. अनेक बंबांत वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी घंघाळात पडायचं. गार पाणी तळाशी जातं, गरम पाणी वर राहतं आणि वरूनच बाहेर ढकललं जातं. ब्रिटिश सिलिंडर हुबेहूब हेच करतो. जाळाच्या जागी त्यात तीन किलोवॅटचा विजेचा रॉड असतो, इथे त्याला ‘इमर्शन’ म्हणतात. आपण बादलीत सोडतो त्या रॉडचाच थोरला भाऊ.

बंबाचं पाणी कोणी तसंच अंगावर घेत नाही, विसण घालावं लागतं. हिशेबात हे विसण फार महत्त्वाचं आहे. १२० लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापवली आणि नळाचं पाणी १० अंशांचं असेल, तर विसण घालून ४० अंशांचं जवळजवळ २०० लिटर पाणी मिळतं. चार माणसांच्या शॉवरला पुरेल इतकं. ते तापवायला साधारण ७ युनिट लागतात, म्हणजे तीन किलोवॅटच्या रॉडला सव्वादोन-अडीच तास. रॉडला घाई नाही. तो रात्री दोन वाजता तापवेल, तुम्ही सकाळी सात वाजता आंघोळ कराल.

बिनटाकीच्या हीटरला मात्र फार घाई असते. पाणी त्याच्या पोटात काही सेकंदच थांबतं, तेवढ्यात ते तापलं पाहिजे. पुण्यात किंवा मुंबईत हे जमून जातं. नळाचं पाणीच २५ अंशांच्या आसपास असेल, तर ते १५ अंशांनी वाढवायला तीन किलोवॅटचा इन्स्टंट हीटर मिनिटाला जवळपास तीन लिटर देतो, पाच मिनिटांत बादली भरते. बादलीने आंघोळ करणाऱ्या देशात हे यंत्र शोभतं. लेस्टरमध्ये जानेवारीत नळाचं पाणी ५ अंशांवर आलेलं असतं. तिथे साडेनऊ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवरसुद्धा मिनिटाला चार लिटरही नीट देत नाही. उन्हाळ्यात तोच शॉवर सहा लिटर देतो. म्हणून या देशात इलेक्ट्रिक शॉवरखाली आंघोळ करणाऱ्या प्रत्येकाला ऋतू बदलल्याचं आधी धारेवरून कळतं, मग झाडांवरून. आणि साडेनऊ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला ४१ अँपिअर. घराचा मुख्य फ्यूज ६०, ८० किंवा १०० अँपिअरचा असतो. दोन न्हाणीघरांत दोन शॉवर एकदम सुरू झाले तर ८२ अँपिअर तिथेच गेले, वर कोणी किटली लावली तर बघायलाच नको. जर्मनीत घराघरांत थ्री-फेज वीज असते, त्यामुळे तिथे १८, २१, २४ किलोवॅटचे बिनटाकीचे हीटर सर्रास चालतात. ब्रिटिश घराला बहुतेक ठिकाणी एकच फेज मिळते. म्हणजे यंत्र चांगलं की वाईट यापेक्षा ते कुठल्या वायरीवर लावलंय हे आधी पाहावं लागतं.

या वायरींची कथा १९२६ च्या कायद्यापासून सुरू करता येते. त्या कायद्याने सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड आलं, आणि १९३३ पासून १३२ किलोव्होल्टची ग्रिड कामाला लागली. वीज आली, पण ती विकायची कशी? दिव्यांना वीज लागते ती संध्याकाळी, बाकीचा दिवस जनित्रं अर्धवट फिरत राहतात. त्यामुळे वीज विकणारे घरातल्या बायकांच्या मागे लागले, शेगडी घ्या, इस्त्री घ्या, पाणी तापवायचा हीटर भाड्याने घ्या. इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन ही संस्था १९२४ साली निघाली होती, कॅरोलिन हॅस्लेट तिच्या संचालक. कोळशाच्या चुलीवर पाणी तापवण्यात बाईचा दिवस जातो, तो वाचवा, असा त्यांचा प्रचार होता. तो खराच होता, आणि वीज कंपन्यांच्या सोयीचाही होता. (याच हॅस्लेटबाई युद्धकाळात घरगुती वायरिंगचे नियम ठरवणाऱ्या समितीतल्या एकमेव स्त्री होत्या. त्या कामातून पुढे १३ अँपिअरचा तीन पिनांचा ब्रिटिश प्लग आला. भारतातून येताना ज्याच्यासाठी आपण ॲडॅप्टर शोधत फिरतो, तोच.)

मग १९४७ चा हिवाळा आला. फेब्रुवारीत कोळशाचे साठे गोठले, गाड्या अडकल्या, घरांची वीज रोज पाच-पाच तास बंद ठेवावी लागली. १ एप्रिल १९४८ ला वीज उद्योग सरकारी झाला, पण कमतरता तशीच राहिली. कोळसा मिळेना म्हणून लोक विजेच्या शेगड्या लावत, सगळे एकाच वेळी, थंडीच्या सकाळी आणि संध्याकाळी. या गर्दीच्या वेळेचं काय करायचं हे पाहायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर अँड्र्यू क्लो, जे त्याआधी आसामचे गव्हर्नर होते. साम्राज्याची एक नोकरी संपवून आलेल्या साहेबाला इथल्या शेगड्यांचा हिशेब दिला गेला. समितीच्या शिफारशीवरून १९४८-४९ च्या हिवाळ्यात घरगुती वीज महाग केली, उन्हाळ्यात स्वस्त केली. एकाच हिवाळ्यानंतर हा प्रयोग गुंडाळावा लागला. माझ्या मते त्यातली अडचण साधी होती. हिवाळ्याचा दर म्हणजे हिवाळ्यातल्या प्रत्येक तासाचा दर. रात्री तीनला वीज वापरणाऱ्यालाही तोच दंड, सकाळी आठला वापरणाऱ्यालाही तोच. शिवाय माणसाने थंडी ढकलायची कुठे?

थंडी पुढे ढकलता येत नाही, पण पाणी तापवणं ढकलता येतं. म्हणून टाकीला भाव आला. वीज साठवणं तेव्हा जवळपास अशक्य होतं, पण विजेने तापवलेलं पाणी साठवणं कुठल्याही घरातल्या कपाटात शक्य होतं. घड्याळाचा स्विच लावा, रात्री टाकी भरून तापवा, दिवसा वापरा. साठच्या दशकात काही वीज मंडळांनी रात्रीच्या स्वस्त विजेसाठी ‘व्हाइट मीटर’ आणलं. आणि १९७८ साली आलं ‘इकॉनॉमी ७’, रात्रीचे सात तास स्वस्त वीज. यात अणुवीज केंद्रांचाही हिशेब होता. अणुभट्टी रात्री मंद करणं सोयीचं नसतं, ती चोवीस तास एका लयीत चाललेली बरी. मग रात्रीची ती वीज घ्यायला कोणीतरी हवं. ते ‘कोणीतरी’ म्हणजे लाखो घरांतल्या टाक्या आणि विटांचे स्टोरेज हीटर. गिऱ्हाईकाला बिलात सूट मिळाली, आणि मंडळाला दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या खर्चाने बांधलेला विजेचा साठा मिळाला. सौदा वाईट नव्हता, फक्त जाहिरातीत त्याची एकच बाजू छापलेली असायची.

या सौद्याचा मला सगळ्यात आवडणारा भाग रेडिओचा आहे. लाखो घड्याळांचे स्विच जागेवर जाऊन बदलणार कोण? म्हणून ऐंशीच्या दशकात ‘रेडिओ टेलिस्विच’ आला. बीबीसी रेडिओ ४ च्या १९८ किलोहर्ट्झच्या लाँग वेव्ह प्रसारणात एक मूक संदेश मिसळलेला असायचा. श्रोत्यांना क्रिकेटचं धावतं वर्णन किंवा जहाजांसाठीचं हवामान ऐकू यायचं, आणि त्याच लहरीवरून मीटरशेजारच्या डब्याला हुकूम जायचा, आता टाकी तापव, आता थांब. ड्रॉइटविचच्या मनोऱ्यावरून निघालेला संदेश कानाला न कळता कपाटात पोचत होता.

इतकं असूनही टाकी हरली. याची कारणं दोन.

पहिलं कारण इलेक्ट्रिक शॉवर. जुन्या ब्रिटिश घरात माळ्यावर गार पाण्याची टाकी, खाली कपाटात गरम पाण्याची. वरच्या टाकीच्या उंचीइतकाच दाब. त्या दाबावर टब भरतो, पण शॉवर रडत रडत येतो. इलेक्ट्रिक शॉवर थेट नळाच्या मुख्य लाइनवर बसतो, त्याला माळ्याची गरज नाही. बॉयलर बंद पडला तरी आंघोळ होते. घरमालकांना तो फारच आवडला. एक खोली वाढवून भाड्याने दिली तरी नवा सिलिंडर नको, एक जाड वायर ओढली की झालं. आपल्यापैकी किती विद्यार्थ्यांचं इथलं पहिलं घर अशा शॉवरचं होतं हे मोजायची गरज नाही. दोरी ओढायची, लाल दिवा लागेपर्यंत थांबायचं, आणि कोणी खाली नळ सोडला तर किंचाळायचं.

दुसरं कारण गॅस. १९६७ ते १९७७ या काळात देशातल्या घरांची उपकरणं उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक वायूसाठी बदलली गेली. स्वस्त गॅस घरोघर आल्यावर कॉम्बी बॉयलर पसरले. ते खोल्याही तापवतात आणि नळ सोडला की लगेच गरम पाणीही देतात, टाकीशिवाय. गॅसला २४-३० किलोवॅट एका झटक्यात देणं अवघड नाही, विजेला ते जमलं नव्हतं. मॉनची कल्पनाच धुराडं लावून परत आली म्हणा ना. आज इथल्या निम्म्याहून अधिक बॉयलर कॉम्बी आहेत. तांब्याचे सिलिंडर भंगारात गेले, आणि कपाटात टॉवेल, व्हॅक्यूम क्लीनर, आपल्या घरी मसाल्यांचे डबे आले. लंडनसारख्या शहरात दोन फूट कपाटाची किंमत असते, त्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

एक टाकी मात्र लंडनने काढली नाही. पिम्लिकोत टेम्सच्या काठी काचेने वेढलेला एक उंच मनोरा आहे. १९५० पासून समोरच्या बॅटरसी वीज केंद्रातलं वाया जाणारं गरम पाणी नदीखालच्या बोगद्यातून इकडच्या चर्चिल गार्डन्स वसाहतीला येत असे. वीज केंद्राचा आणि लोकांच्या आंघोळीचा वेळ जुळत नाही, म्हणून मध्ये ही टाकी बांधली. २,५०० घनमीटर पाण्याची, म्हणजे २५ लाख लिटरची. बॅटरसी केंद्र बंद पडलं, तिथे आता महागडे फ्लॅट आणि दुकानं आहेत, पण मनोरा उभा आहे आणि वसाहतीला पाणी अजूनही सामुदायिक बॉयलरवर तापतं.

आता वारं फिरलंय, अक्षरशः. रात्री अणुवीज जास्त व्हायची, त्याच्या जागी आता वाऱ्याची वीज जास्त होते, तीही अवेळी. छतावर सोलर पॅनल असलेल्या घरात दुपारी जास्तीची वीज तयार होते, ती इमर्शनच्या रॉडकडे वळवणारं छोटं यंत्र मिळतं. आणि गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवायला सरकार ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड देतं, पण हीट पंपाला टाकी लागतेच, कारण तो हळूहळू तापवतो. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी कपाट मोकळं केलं, त्यांच्याकडे आता इन्स्टॉलर येऊन विचारतो, ‘सिलिंडर कुठे बसवू?’

मग लेस्टरच्या ताईंनी काय करावं? त्या एकट्या राहत असत्या तर मी प्लंबरचं ऐका म्हटलं असतं. सहा मिनिटांच्या शॉवरला साडेनऊ किलोवॅटचं यंत्र एक युनिटसुद्धा खात नाही. टाकी मात्र कोणी आंघोळ करो न करो, नुसती उभी राहून दिवसाला एक-दोन युनिट उष्णता गमावते, जुनी आणि उघडी असेल तर आणखी. एका माणसासाठी टाकी म्हणजे लग्नाच्या पातेल्यात एकाचा चहा. पण ताईंच्या घरात पाच जण आहेत, न्हाणीघरं दोन, आणि मीटर रात्रीच्या स्वस्त दराचं. तिथे टाकी काढली तर सगळी आंघोळ सकाळच्या महाग विजेवर येते. एकदा कपाट भरलं, नळ्या कापल्या, की पुन्हा टाकी बसवणं खर्चिक. उद्या इमारतीवर पॅनल आले किंवा हीट पंपाची योजना आली, तर पाणी साठवायला जागाच नाही. म्हणून आमचं मत, गळकी टाकी बदला, पण जागा सोडू नका. नवी घेताना कारखान्यातच फोमचं आवरण दिलेली घ्या, आणि रॉड दोन असू द्या, रात्रीसाठी खालचा, अडीनडीला वरचा. बिल वाचवायला ती ४५ अंशांवर ठेवायचा मोह होईल. तो टाळा. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियाची साथ पसरली, आणि पुढच्या वर्षी त्यामागचा लिजिओनेला जंतू सापडला. कोमट, साचलेलं पाणी त्याला मानवतं. साठवण ६० अंशांवर, आणि टबाच्या नळाला विसण आपोआप घालणारा व्हॉल्व्ह, हे दोन्ही हवं, कारण ६० अंशांचं पाणी लहान मुलाला काही सेकंदांत भाजतं.

एक काम मात्र त्यांनी, आणि इकॉनॉमी ७ च्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने, टाकी बदलण्याआधी करायला हवं. लाँग वेव्हवरून हुकूम ऐकणारे ते डबे आता म्हातारे झालेत, आणि ही सेवा बंद करायला ३० जून २०२५ ही तारीख ठरली होती. तोवर सगळी मीटरं बदलून होईनात, म्हणून त्या तारखेपासून ती भागाभागाने बंद करायचं ठरलं. ज्या घरी जुना डबा तसाच राहिला, तिथे पाणी तापवणारा स्विच कायमचा चालू किंवा कायमचा बंद राहू शकतो, असा इशारा वीज नियामकाने दिला होता. तेव्हा मीटरच्या कपाटात टॉर्च मारून बघा. मीटरशेजारी वेगळा डबा असेल आणि त्यावर ‘रेडिओ टेलिस्विच’ असं लिहिलेलं असेल, तर वीज कंपनीला फोन करून स्मार्ट मीटर मागून घ्या. ते बसवणाऱ्या माणसाला इमर्शनची वायर कुठली हे आधीच दाखवून ठेवा. ती रात्रीच्या दराला जोडायची राहून गेली, तर नवी टाकीही दिवसाच्याच विजेवर तापत बसेल.